आक्काची चौथी खेप

माझी थोरली जाऊ पोरांच्या पायात घुंगरू बांधायची. नाचायला नव्हे, मढीच्या जत्रेला चालत न्यायला. बैलांच्या जुन्या घुंगूरमाळा उसवून एकेक घुंगरू काळ्या दोऱ्यात ओवायची आणि गल्लीतल्या आठ-नऊ पोरांच्या उजव्या पायात बांधायची. मग आपण पुढे चालायची, मागे वळून न बघता. कोण मागं राहिलं, कोण बोरीखाली शिरलं, कोण नुसतंच उभं राहून पाय आपटतंय, हे सगळं तिला आवाजावरून कळायचं. "मंदे, आपटू नगस, चाल!" असं ती पुढून ओरडली की सुताराच्या मंदीला वाटायचं, आक्काला पाठीला डोळे आहेत.

आधीच सांगून टाकते, ही हकीकत मी हेव्यानं सांगते आहे. सात वर्षं मी त्या बाईवर जळले. नुसती जळले नाही, धुमसले. तोंडावर मी तिला "अहो आक्का" म्हणायची आणि मनात "अगं भवाने". आता ती नाही आणि माझेही दात गेले, तेव्हा मनातलंच बोलते.

कारण साधं होतं. माझा मुलगा तिचा होता.

म्हणजे पोटचा माझाच. पण माझी पहिली दोन लेकरं बाराव्या दिवसाच्या आत गेली. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी पदर खोचला. आमच्याकडं रीत आहे, ज्या बाईचं लेकरू टिकत नाही तिनं ते जन्मल्याबरोबर विकायचं. सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि जिची लेकरं टिकलीत अशा बाईनं सूपभर कोंडा देऊन ते घ्यायचं. म्हणजे सटवाईला वाटतं, हे हिचं नव्हेच, आणि ती दुसरं दार बघते. आक्काच्या तिन्ही पोरी ठणठणीत. तिनं कोंडा दिला आणि माझा मुलगा उचलला. म्हणून त्याचं नाव कोंडू.

दूध मी पाजायचं, हाक तिला. तिला "आई", मला "काकी". माहेर माझं श्रीरामपूरचं, सातवी शिकलेली मी, मला हे पटत नव्हतं. पण दोन लेकरं पुरलेली बाई पटण्या-न पटण्याच्या भानगडीत पडत नाही.

सासूबाई मढीच्या कानिफनाथाला नवस बोलल्या होत्या. पोरगं जगलं तर घेणारीच्या संगं बेलापूर ते मढी पायी येईल. वाटेत कुणाच्या कडेवर नाही, खांद्यावर नाही, गाडीत नाही. असा आपल्या पायानं गड चढला की नाथासमोर सूपभर बाजरी देऊन त्याची आई त्याला परत घेईल. एवढं बोलून सासूबाई दोन वर्षांत गेल्या. आता नवसात काही फेरफार करायचा तर विचारायचं कोणाला?

कोंडू चार वर्षांचा झाला तशी आक्कानं खेप सुरू केली. दरवर्षी होळी झाली की ती पोरं गोळा करायची. कोंडूला एकट्याला कंटाळा येईल म्हणून गल्लीतली सगळी. त्यांच्या आया खूश, कारण आक्का कुणाकडून दमडी मागायची नाही. तिच्याजवळही नसायची. थोरले भावजी पोरी लहान असतानाच गेले होते, आणि पंचावन्न मैलांच्या वाटेवर ही बाई नऊ पोरं घेऊन कनवटीला पैसा न लावता निघायची.

त्यासाठी तिच्या युक्त्या होत्या. चंद्री नावाची शेळी बरोबर. "यस्टीत शेळीला तिकीट पडतं, रस्त्याला न्हाई. वाटंनं खाती आन् वाटंवर दूध देती." चपला पायात नाही, डोक्यावरच्या गाठोड्यात. "पाय झिजला तर नाथ देतो, चप्पल झिजली तर चांभार मागतो." दिवस ज्वारी काढणीचे, म्हणून मालकाला विचारून मोकळ्या रानात पोरांना सरवा वेचायला लावायची. खाली पडलेली कणसं गोळा झाली की मुक्कामाला ती झोडपायची, आणि कुणाच्या तरी जात्यावर दळून त्याच्या भाकरी. सरपण म्हणून प्रत्येक पोरानं वाटेत पाच काटक्या उचलायच्या. कुणी म्हणालं, "आक्का, फुकटात देवदर्शन करता की," तर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "फुकटचं न्हाई, पायाचं हाय."

किलोमीटरच्या दगडांवर तिचा राग. "मैल हुतं तवा मढी जवळ हुती. सरकारनं पोरांचा रस्ता लांबवला."

हे सगळं मला पोरांकडून कळायचं, कारण मी घरी. म्हैस होती, पाठोपाठ झालेली पोरगी होती. आक्का घुंगरं वाजवत जायची आणि दहा-बारा दिवसांनी काळी ठिक्कर होऊन परत यायची. मी दारात उभी. आल्या आल्या म्हणायची, "खेप बाद झाली गं कौशे."

पहिल्या वर्षी बाद झाली, कोंडू चालता चालता झोपला. चार वर्षांचं पोर, खरं असेल. दुसऱ्या वर्षी मिरी गावाजवळ काटा मोडला. तिसऱ्या वर्षी तर अगदी गडाच्या पायऱ्यांवर भोवळ आली म्हणे, उचलावं लागलं. मी कपाळाला हात लावला. पन्नास मैल भोवळ आली नाही आणि शेवटच्या पायरीवर आली?

त्याच आठवड्यात सुताराची मंदी आमच्या ओट्यावर शेंगा खात बसली होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, मागच्या साली कोंडूला केवढा काटा मोडला होता?"

"कसला काटा? काटा कुनी बघितलाच न्हाई काकी. आक्का म्हनली काटा हाय, आन् घेतला कडंवर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ही बाई माझं पोर परत द्यायला लागू नये म्हणून मुद्दाम खेप मोडत होती! पोटात वाढवायचं मी, आणि आयत्या बिळावर ही नागोबा. वर्षभर मी तोंडातून शब्द काढला नाही. मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या सालची होळी झाली, तसं पोरगीला माहेरी धाडलं, म्हैस आमच्या ह्यांच्या गळ्यात बांधली आणि आक्काला म्हटलं, "यंदा मीपण येणार."

आक्कानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी खुसपट काढेल. पण ती म्हणाली, "ये की. तुझ्याबी पायात बांधू का घुंगरू?"

निघालो. मी डोक्यावर सूप आणि सुपात बाजरीचं गाठोडं घेतलं होतं. मनात ठरवलं होतं, या बाईचा हात पोराला लागू द्यायचा नाही. आणि कोंडूला माझ्याकडं ओढायला श्रीरामपूरच्या बाजारातून दोन वस्तू आणल्या होत्या. एक, लेमनच्या गोळ्यांचा पुडा. दोन, कॅनव्हासचे बूट. बूट पायात, मग बघू काटा कसा मोडतो.

गोळ्या पहिल्याच ओढ्यापाशी आक्कानं मागून घेतल्या आणि नऊ पोरांना एकेक वाटल्या. उरलेल्या गाठोड्यात. कोंडूला वाटलं, गोळ्या आईनंच दिल्या.

सोनईच्या अलीकडं एक गुऱ्हाळ लागलं. आक्कानं सगळ्यांना रस्त्याच्या कडेला रांगेत उभं केलं. "मागायचं न्हाई. नुसतं बघायचं. मागितलं की भिकारी, बघितलं की पाव्हनं." नऊ पोरं, एक शेळी आणि आक्का गुळाच्या कढईकडं टक लावून उभी. मी आपली लाजेनं बाभळीच्या आड. गुळव्यानं एकदा बघितलं, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा त्याच्या हातातला झारा चालेना. "या की पोरांनो, असं काय बघताय!" पोरांनी पोटभर रस प्यायला, वर पळसाच्या पानावर गरम काकवी. निघताना गुळव्यानं कोंडूचा गाल ओढला आणि आक्काला म्हणाला, "पोरगं अगदी आईवर गेलंय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नाक माझं आहे हो त्याचं! धडधडीत माझं!

मुक्कामाला शाळेची पडवी नाहीतर देऊळ. आडवं झालं की कोंडू आक्काच्या पदराचं टोक मुठीत घेऊन झोपायचा. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मध्ये झोपले आणि माझा पदर त्याच्या हातात दिला. झोपेतच त्यानं तो सोडला, मला ओलांडून पलीकडं गेला आणि तिचा धरला. पाच मिनिटांत. डोळे मिटलेले! मी छताकडं बघत पडले आणि सासूबाईंना, सटवाईला, सगळ्यांना शिव्या दिल्या.

घोडेगाव मागं पडलं, मिरी आली. मी घारीसारखी लक्ष ठेवून होते. पण आक्का कोंडूच्या जवळसुद्धा फिरकेना. पुढे पुढे चालायची, हात पाठीमागं बांधून. त्यानं "आई, पाणी" म्हटलं तर "काकीकडं माग." "आई, गोष्ट सांग" तर "काकी सांगंल." मला कळेना. ही कसली नवी चाल?

आणि मिरीच्या पुढं कोंडू लंगडायला लागला.

मी मनात म्हटलं, झालं सुरू. धावत जाऊन त्याला खाली बसवलं. बूट काढले आणि माझंच तोंड उतरलं. दोन्ही टाचांना हे एवढाले फोड, एक फुटलेला. अनवाणी वाढलेलं पोर, बूट कुठले सोसायला! बाकीच्या आठ पोरांचे पाय धडधाकट. ज्याला मी काटा लागू नये म्हणून बूट घातले, तेवढाच जखमी.

आक्का परत आली. उकिडवी बसली, टाचा बघितल्या. आता उचलेल, मला वाटलं. यंदा तर खरीच सबब होती, आणि ती मीच चार दिवस त्याच्या पायात घालून आणली होती.

तिनं पदराची किनार टरकन फाडली. तिच्या दोनच लुगड्यांतल्या बऱ्या लुगड्याची. चंद्रीचं दूध काढून फोड धुतले, पट्ट्या बांधल्या आणि म्हणाली, "हळूहळू चाल. दहा पावलं, मंग बस. दहा पावलं, मंग बस." तसं करत करत आम्ही दिवस मावळता तिसगावात शिरलो. तिथं ती म्हणाली, उद्या चालायचं नाही. मी म्हटलं, "रंगपंचमीची जत्रा चुकेल आक्का."

"नाथ कुठं पळून चाललाय का? पोराची टाच सुकू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसगावच्या चिंचेखाली आम्ही दोघी बसलो होतो. पोरं चंद्रीला चारत होती. आक्का सरव्याची कणसं चोळत होती. वर न बघता एकदम म्हणाली, "त्याला दुधात साखर घालू नगस. गूळ लागतो."

मी तिच्या पुढ्यातलं एक कणीस उचललं.

"झोपताना उजवा कान चोळायचा. डावा न्हाई. पदर नुसता देऊन भागत न्हाई, आदी कान चोळायचा. आन् ढग वाजला की म्हनायचं, नाथाचं गाडव शिंकलं. मंग हसतो."

मला राग आला. खरंच सांगते, तेव्हाही रागच आला. माझ्या पोराच्या कानाची गोष्ट मला हिच्याकडून कळावी! मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, की ही मला पोर सोपवते आहे.

"मागली दोन सालं मी त्याला उगाच उचललं, कौशे," ती म्हणाली. "काटा न्हवता. भोवळबी न्हवती."

"ठाऊक आहे मला."

"ठावं हुतं तर बोलली का न्हाईस?"

"बोलायलाच आले होते. भांडायला."

"मंग भांड की."

मला भांडताच येईना. सात वर्षं ज्या भांडणाची तालीम केली ते असं समोर ठेवल्यावर मी हातातलं कणीस चोळायला लागले. कणसं चोळता चोळता आक्का म्हणाली, "तीन पोरी हायेत मला. आई म्हनत्यात. पर त्या तिकडं सासरी म्हनत्यात, हितं काय ऐकू येतंय? ह्यो पोरगा दिवसातनं शंभर डाव आई म्हनतो. लालूच सुटली गं. म्हनलं, अजून एक साल. मंग म्हनलं, अजून एक." नाक पदराला पुसून ती पुढं म्हणाली, "यंदा न्हाई. तू दारात हुबी ऱ्हातीस ती म्या बघत न्हाई व्हय? यंदा त्याला गड चढू दे. म्या मागं बघनार न्हाई. बघितलं की माझा हात जातो."

दुसऱ्या दिवशी मढी. गडाखाली ही माणसं! रेवड्यांचे ढीग, धूळ, रंग, आणि गाढवांचा बाजार. तिथं कोंडू जो उभा राहिला तो हलेना. गिऱ्हाईक यायचं, गाढवाचं तोंड उघडायचं, दात मोजायचं, मान हलवायचं. कोंडूचा चेहरा गंभीर झाला.

"काकी, तू मला घेताना दात बघनार? माझं दोन पडल्यात."

मी म्हटलं, "तुझे नाही बघणार."

पायऱ्या सुरू झाल्या. आक्का पुढं, हात पाठीमागं घट्ट बांधलेले, मान ताठ. तिच्या मागं आठ पोरं आणि आठ घुंगरं. शेवटी कोंडू आणि मी. त्याच्या घुंगराचा आवाज जरा चिरका होता, मधे चीर गेलेली. आता तोही मला ओळखू यायला लागला होता. डोक्यावर सूप, सुपात बाजरी, वर कळस दिसायला लागलेला. पंधरा-वीस पायऱ्या उरल्या. पंधरा-वीस पायऱ्यांनंतर मी "आई."

कोंडूनं माझं लुगडं ओढलं. "काकी, मी लंगडू का?"

"का रे? टाच दुखते?"

"न्हाई. मागल्या साली आई हितंच म्हनली हुती, जरा लंगड. मंग मला घेतलं. यंदा म्हनलीच न्हाई. इसरली वाटतं."

मी म्हटलं, "विसरली नाही. चाल तू."

दोन पायऱ्या चढला, परत थांबला.

"काकी, तू मला घेतल्यावर आईला कोन घेनार?"

मी वर बघितलं. आक्काची पाठ दिसत होती. फाटक्या किनारीचा पदर, आणि पाठीमागं बांधलेले ते दोन हात. एका हातानं दुसरा हात असा आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. कान मात्र मागं होते, मला दिसत होतं ना. त्या एका चिरक्या घुंगरावर.

माझं काय झालं मला विचारू नका. देवीबिवी काही अंगात आली नाही. मी सूप पायरीवर ठेवलं, खाली वाकले आणि कोंडूला उचलला. सात वर्षांचं दांडगं पोर, लांबच लांब तंगड्या. असा धरून उचलला त्याला किती वर्षं झाली होती! त्याच्या मानेला गुळाचा आणि शेळीचा वास येत होता. मी नाक खुपसून उभी राहिले.

चिरकं घुंगरू थांबलं. वर आक्का थांबली.

"कोंडू, चाल," ती मागं न बघता म्हणाली. आवाज फाटल्यासारखा. "बसू नगस रं. थोडंच ऱ्हायलं. चाल, माझ्या राजा."

घुंगरू वाजेना. तेव्हा ती वळली.

"कौशे!" सगळा गड वळून बघायला लागला. "आगं, खाली ठिव त्याला! मोडली की गं खेप! तोंडाशी आलेला घास की गं!"

"पाय दुखत होते त्याचे," मी म्हटलं.

"न्हाई दुखत माझं पाय," कोंडू म्हणाला. मी त्याला चिमटा काढला. "दुखत्यात," तो म्हणाला.

आक्का तीन पायऱ्या खाली आली. माझ्याकडं बघितलं, पायरीवरच्या सुपाकडं बघितलं. तिला कळलं. कळलं म्हणूनच तिनं तोंड सोडलं. गाढवे म्हणाली, सातवी शिकून अक्कल शेण खायला गेली म्हणाली, पंचावन्न मैलांचं मातेरं केलंस, नाथ काय म्हनंल, सासूबाई वर बसून काय म्हनतील. बोलत होती आणि डोळ्यांना पदर लावत होती. मग मटकन पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता ह्या बाजरीचं काय करायचं?"

"पोरांना भाकरी करू. फुकटची नाही, पायाची आहे."

दर्शन झालं, रेवड्या झाल्या. परत खाली उतरायला लागलो तशी आक्का कुरकुरली, "आता आजून सालभर ह्याला मलाच सांभाळायला लागंल." बोलली असं, जसं मी तिच्या डोक्यावर मणाचं पोतं दिलं आहे. चार पायऱ्या उतरली आणि हात पुढं केले. "खेप तर मोडलीच हाय. दे हिकडं."

दिला. तिनं त्याला कडेवर घेतलं. त्याचे पाय तिच्या गुडघ्यांच्या खाली लोंबत होते आणि ती घोड्यासारखी टकटक उतरत होती. मागून बघताना मी परत जळले. मोठेपणा तेवढ्या एका पायरीपुरताच होता माझा, खोटं कशाला बोलू?

निम्म्या पायऱ्या मी कशाबशा काढल्या. मग पुढं होऊन तिची वाट अडवली.

"आक्का, उतरवा त्याला. आता माझी पाळी."